मदत हवी आहे: लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा लागतो, सेन्सर मात्र मुका

मंडळी, तीन आठवडे डोकं आपटून झालं, आता इथे विचारतो.

जुन्या लॅपटॉपात कॅमेरा म्हणजे आतल्या आत यूएसबीला जोडलेला वेबकॅम. लिनक्सचा यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हर (यूएसबी कॅमेरे चालवणारं सॉफ्टवेअर) त्याला ओळखतो, विषय संपला. माझ्या लॅपटॉपात नुसता उघडा सेन्सर आहे. तो एमआयपीआय सीएसआय-२ (कॅमेऱ्याचा डेटा वाहून न्यायची पद्धत) च्या दोन लेनवरून, म्हणजे दोन वाटांनी, कच्चा १० बिट बायर डेटा (प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग) थेट इंटेलच्या आयपीयू६ कडे (प्रोसेसरमधला चित्र हाताळणारा भाग) ढकलतो. रंग, उजेड वगैरे पुढे कुणीतरी बघून घ्यायचं. आयपीयू६ च्या डेटा आत घेणाऱ्या भागाचा ड्रायव्हर २०२४ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१० पासून मेनलाइनमध्ये (कर्नलच्या अधिकृत कोडमध्ये) आला, तो माझ्याकडे नीट लोड होतो. घोडं त्याच्या अलीकडेच अडलंय.

सेन्सर ओम्नीव्हिजनचा आहे. मॉडेल नंबर लिहीत नाही, डेटाशीट ज्यांच्याकडून मिळाली त्यांना तसा शब्द दिलाय. मेनलाइनमध्ये याचा ड्रायव्हर नाही, म्हणून त्याच घराण्यातला, एआरएम बोर्डांवर चालणारा एक ड्रायव्हर समोर ठेवून मी लिहायला घेतला. एसीपीआयमधला (फर्मवेअरने सिस्टीमला दिलेली हार्डवेअरची माहिती) सेन्सरचा आयडी ड्रायव्हरमध्ये टाकला. तोच आयडी आणि ४०० मेगाहर्ट्झची लिंक फ्रिक्वेन्सी आयपीयू-ब्रिजच्या (सेन्सर आणि आयपीयूची जोडणी कर्नलला सांगणारा कोड) यादीतही टाकली. डीएसडीटी (एसीपीआयचा मुख्य तक्ता) उलगडून पाहिला. आयएनटी३४७२ या कॅमेऱ्याची वीज सांभाळणाऱ्या डिव्हाइसखाली चार जीपीआयओ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करायच्या पिना) आहेत: रीसेट, पॉवर एनेबल, क्लॉक एनेबल आणि प्रायव्हसी एलईडी (कॅमेऱ्याचा दिवा). क्लॉक १९.२ मेगाहर्ट्झ, ड्रायव्हरमध्येही तोच आकडा आहे.

मॉड्यूल लोड केलं की चिप आयडी वाचतानाच पडतं. रजिस्टर हेक्स ३००ए, एरर उणे १२१. म्हणजे आय२सी वर (सेन्सरशी बोलायची तार) पलीकडून कुणी ओ देत नाही. आय२सीडिटेक्ट (आय२सी वर कोण आहे ते शोधणारं साधन) चालवलं तर ३६ या पत्त्यावर दोन रेघा, म्हणजे उत्तर नाही, बाकी सामसूम.

रीसेटची पोलॅरिटी (पिन वर असताना रीसेट की खाली असताना) उलटी करून पाहिली. रीसेटनंतरचा थांबा ५ वरून ५० मिलिसेकंद केला. विंडोजमध्ये कॅमेरा चालतो, तेव्हा सेन्सर मेलेला नाही. सिसएफएसमधल्या (कर्नलशी फाइलींतून बोलायची जागा) एलईडीच्या फाइलीत १ लिहिलं की कॅमेऱ्याशेजारचा दिवाही लागतो. त्या अर्थी मॉड्यूलपर्यंत वीज पोचतेय, असं मी धरून चाललोय. लॅपटॉपच्या कंपनीला मेल केला होता. 'आम्ही ही सिस्टीम सपोर्ट करत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर आलं, तेही नऊ दिवसांनी.

आणखी काय तपासू?

प्रतिसाद १

डीएसडीटीत आयव्हीएससी दिसतंय का? काही लॅपटॉपांत सेन्सर आणि आयपीयू यांच्यामध्ये ती वेगळी चिप असते आणि सीएसआयचा ताबा तिच्याकडे असतो. तिचे ड्रायव्हर ६.६ पासून मेनलाइनमध्ये आहेत. ते लोड नसतील तर सेन्सरवर कितीही डोकं लावा, उपयोग नाही.

धागाकर्ता

पाहिलं होतं. माझ्याकडे आयव्हीएससी नाही, सेन्सर थेट आयपीयूला आहे.

प्रतिसाद २

आय२सीडिटेक्टचं मनावर घेऊ नका. प्रोब (ड्रायव्हरची सेन्सर शोधायची पायरी) पडला की ड्रायव्हर वीज काढून घेतो, मग झोपलेला सेन्सर उत्तर कुठून देणार? तो तक्ता रिकामाच दिसणार.

दिव्याबद्दल मात्र तुमची गफलत होतेय. त्याचा जीपीआयओ वेगळा, सेन्सरचा पुरवठा वेगळा. जिन्यातला दिवा लागला म्हणून घरातला पंखा फिरतोय असं होत नाही. डीमेसेजची (कर्नलच्या लॉगची) शेवटची ओळ नको, मॉड्यूल लोड झाल्यापासूनचा सगळा लॉग टाका. आणि ड्रायव्हरमध्ये रेग्युलेटरची (वीजपुरवठ्यांची) नावं काय दिलीत तेही.

धागाकर्ता

नावं मूळ ड्रायव्हरमधली तशीच ठेवलीत: व्हीडीडीडीओ, व्हीडीडीए, व्हीडीडीडी. लॉगमध्ये एररच्या आधी तिन्हींसाठी एकेक ओळ आहे: 'सप्लाय नॉट फाउंड, यूझिंग डमी रेग्युलेटर' (पुरवठा सापडला नाही, नकली रेग्युलेटर वापरतो). ती नुसती वॉर्निंग होती, म्हणून सोडून दिली.

प्रतिसाद २

तिथेच गोम आहे. आयएनटी३४७२ चा ड्रायव्हर पॉवर एनेबलच्या पिनचा रेग्युलेटर बनवतो आणि त्याला 'एव्हीडीडी' या नावाने सेन्सरशी जोडतो. तुम्ही मागताय 'व्हीडीडीए'. त्या नावाचं काही सापडलं नाही की कर्नल भांडत बसत नाही, हातात डमी रेग्युलेटर ठेवतो. तुमचा ड्रायव्हर तो इमानेइतबारे चालू करतो, त्याला यशही मिळतं, आणि खरी पिन जागची हलत नाही. एआरएम बोर्डावर ही नावं डिव्हाइस ट्री (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन) लिहिणारा जुळवून देतो, म्हणून तिथे हे चालून जातं. इथे जुळवणारं कुणी नाही.

व्हीडीडीएच्या जागी एव्हीडीडी लिहा. उरलेल्या दोन डमी राहिल्या तरी काळजी नको, पिन एकच आहे म्हणजे ते पुरवठे बोर्डावर तिच्याबरोबर तरी येतात किंवा कायम चालू तरी असतात. आणि पोलॅरिटी उलटी केली होती ती आधी सरळ करा, नाहीतर वीज येईल आणि सेन्सर रीसेटमध्येच अडकून बसेल.

धागाकर्ता

साहेब, साष्टांग नमस्कार! नाव बदललं, आयडी पहिल्या फटक्यात वाचला गेला. तीन आठवडे एका शब्दापायी. मीडिया-सीटीएल या साधनाने सेन्सर ते आयपीयू लिंका जोडल्या, फ्रेमही येतायत. पण कच्ची फाइल उघडली तर चित्र काळपट हिरवं, शेवाळलेल्या टाकीत डोकावल्यासारखं. रजिस्टर चुकली असतील का?

प्रतिसाद १

नाही हो, हे शुभलक्षण आहे. बायरमध्ये निम्मे पिक्सेल हिरवेच असतात आणि व्हाइट बॅलन्स अजून कुणी केलेलाच नाही. आता लिबकॅमेरा या कॅमेरा लायब्ररीचं सॉफ्टवेअर आयएसपी (कच्च्या डेटाचं चित्र बनवणारा भाग) वापरा. ते सीपीयूवरच रंग जुळवतं आणि एक्स्पोजरही सांभाळतं. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये एक्स्पोजर, अ‍ॅनालॉग गेन, एचब्लँक, व्हीब्लँक (दोन ओळींमधला आणि दोन फ्रेममधला थांबा) आणि पिक्सेल रेट हे कंट्रोल हवेत. पिक्सेल रेट दुसऱ्या ड्रायव्हरमधून उचलू नका, हिशेब करा: ४०० मेगाहर्ट्झ गुणिले २, कारण क्लॉकच्या दोन्ही काठांवर डेटा जातो, गुणिले २ लेन, भागिले १० बिट. सेकंदाला १६ कोटी पिक्सेल.

धागाकर्ता

माझ्याकडे ८ कोटी होता, लेनचा गुणाकार राहिला होता. दुरुस्त केला, बाकीचे कंट्रोलही घातले. आता रंग आले, चेहरा माणसासारखा दिसतो. फक्त चित्र उलटं आहे, छत खाली. एसएसडीबीमध्ये (एसीपीआयमधली सेन्सरची माहिती) कोन १८० दिसतोय. आडवा आणि उभा फ्लिप दोन्ही चालू केले तर चित्र सरळ झालं, पण लाल-निळ्याची अदलाबदल झाली, चेहरा निळा पडला.

प्रतिसाद २

फ्लिपने वाचायची सुरुवात दुसऱ्या पिक्सेलपासून होते, म्हणजे बायरचा क्रम बदलतो. तुमचा ड्रायव्हर अजून जुनाच क्रम सांगतोय. फ्लिपप्रमाणे फॉरमॅटचा कोड बदलून द्या, किंवा वाचायच्या खिडकीचा एक्स आणि वाय ऑफसेट एकेक पिक्सेलने सरकवा. दुसरा उपाय दोन ओळींचा आहे, आधी तो करून बघा.