मधुमालती नुसतीच पानावर, फूल नाही (जळगाव)

पश्चिमेच्या भिंतीवर डबल (जास्त पाकळ्यांच्या फुलाची) मधुमालती आहे, तिसरं वर्ष. जमीन भारी काळी, पाणी बोअरचं, ठिबकने रोज. पावसाळ्यात दोनदा युरिया दिला. आषाढात आणि गणपतीच्या आधी वेल छाटून सारखी करून घेतो. उंची 14 फूट, पण फुलांचे घोस दोन-चारच. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. नर्सरीवाले बोनमील (हाडांचा चुरा) घाला म्हणतात.

भुसावळचा माळी
दादा, फुलं तुमच्याच कात्रीखाली जाताहेत. मधुमालतीला घोस येतो तो चालू हंगामातल्या नव्या फुटव्याच्या टोकाला. आषाढात शेंडे उडवले की तयार होत आलेला घोसच गेला. मोठी छाटणी वर्षातून एकदाच, थंडी ओसरताना: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. मुख्य दोन-तीन खोडं ठेवा, बाजूच्या फांद्या 2-3 डोळे (फूट येते त्या जागा) ठेवून कापा, वाळकं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काढा. पुढे वाटेत येणारी एखादी फांदी सोडून काही कापू नका.
युरिया बंद. केळीला मानवतो म्हणून वेलीला मानवेल असं नाही, नुसता पाला वाढतो. छाटणीनंतर दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि 50 ग्रॅम पोटॅश बुंध्यापासून दीड फुटावर गोल चरीत द्या, वर माती ओढा.

काळी_माती
पिवळेपणाचं वेगळं आहे. नवं पान पिवळं आणि शीर हिरवी म्हणजे लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना उचलता येत नाही. रोजच्या ठिबकने माती चिकट राहून हवा कोंडते, त्याने आणखी बिघडतं. 1 लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). संध्याकाळी फवारा, 12 दिवसांनी परत. भिंत झाकून घ्या, हिराकसचे तांबूस डाग निघत नाहीत. बोनमील अशा जमिनीत विरघळतच नाही, पैसे वाया.
ड्रीपर खोडाजवळून दीड फूट लांब सरकवा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी 20 लिटर एकदम, थंडीत दहा-बारा दिवसांनी. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय नाही.

विचारणारा
छाटणी आत्ता, ऑक्टोबरात केली तर? आणि वेल भिंतीला धरत नाही, सारखी खाली लोंबते.

भुसावळचा माळी
आत्ता नको. कोवळी फूट थंडीत अडकून बसेल.

मांडव_तारा
धरणार कशी? हिला तणावे नाहीत, चिकटमुळंही नाहीत. पान गळल्यावर देठाचा बुडखा काट्यासारखा उरतो, त्यावर अडकत चढते. भिंतीपासून 4 इंच सोडून 1-1 फुटावर आडव्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारा ताणा. पहिले 6 फूट सुतळीने आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. थेट पत्र्यावर सोडू नका, मे महिन्यात शेंडे भाजतात.
बुंध्याच्या आसपास मुळांवरून फुटवे निघतील, ते जमिनीखालून उपटा. वरून कापले तर एकाचे चार होतात.

विचारणारा
डबलचं बी मिळेल का? शेजारी मागताहेत.

काळी_माती
डबलला बी धरत नाही. बुंध्याजवळ मुळांवरून निघतो तोच फुटवा मुळासकट काढून जुलैत पिशवीत लावून द्या.