गुरगुट्या भात आणि मेतकूट: तुमच्याकडे नेमकं कसं करतात?

बाळाच्या उष्टावणानंतर लवकरच ताटात येणारा आणि पन्नाशीतही प्रवासाहून परतल्यावर पहिला आठवणारा पदार्थ म्हणजे गुरगुट्या भात. वर साजूक तूप, मेतकूट, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. कुणी मऊभात म्हणतं, कुणी आसट भात. सोपा म्हणून त्याकडे कुणी नीट बघत नाही आणि मग ताटात कधी लापशी येते, तर कधी नुसता गिच्च भात. मेतकूटही बऱ्याचदा विकतचं, कच्च्या डाळीच्या वासाचं. म्हणून विनंती अशी की आठवणी बाजूला ठेवून करण्यातलं लिहा. तांदूळ कुठला, पाणी किती, भाजायचं कुठवर, बिघडतं कुठे.

पुणे

सुरुवात तांदळापासून. या भाताला आंबेमोहोर हवा. दाणा आखूड, शिजल्यावर सहज मोडणारा, आणि वास आंब्याच्या मोहोराचा. तो मिळाला नाही तर इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण १९८७ साली आलं. पुलावासाठी इंद्रायणीचा चिकटपणा अडचणीचा ठरतो, इथे तोच कामाचा.

एरवी आपण जुना तांदूळ शोधतो, या भाताला मात्र नवा घ्यावा. तो लवकर फुटतो आणि आपोआप मिळून येतो. जुन्याला वाटीमागे अर्धी ते पाऊण वाटी पाणी जास्त लागतं आणि तरीही दाणा वेगळा राहू पाहतो.

प्रमाण: १ वाटी तांदूळ, ५ वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा तूप. तांदूळ दोनदाच हलक्या हाताने धुवायचा. पाणी अगदी नितळ होईपर्यंत चोळत बसलं तर वरची पिठी निघून जाते आणि भाताला दाटपणा येत नाही. अर्धा तास भिजवून थेट कुकरमध्ये घालायचा, एक शिट्टी झाली की आच बारीक करून १२ मिनिटं. वाफ आपली आपण जिरू द्यायची. कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही, नाहीतर फेस शिट्टीतून बाहेर येतो. पाण्यातल्या तुपाने फेस कमी होतो.

झाकण उघडल्यावर भात तळाशी आणि पाणी वर दिसलं तर बिघडलं असं समजू नये. पळीच्या पाठीने दोन मिनिटं घोटलं की दोन्ही एकजीव होतं. पातळ करायचा असेल तर उकळतं पाणीच घाला. गार पाण्याने गुठळ्या होतात आणि चव फुळकवणी लागते.

ठाणे

वरच्या पद्धतीत घाई आहे. जाड बुडाच्या पातेल्यात १ वाटीला ६ ते ७ वाट्या पाणी, आधी पाण्याला उकळी, मग तांदूळ, आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. दर पाच मिनिटांनी तळापासून ढवळायचं. वेळ लागतो, पण दाणा बाहेरून विरघळतो आणि आत थोडा अंगाने राहतो. कुकरमध्ये तो सगळा एकसारखा मऊ होतो आणि खाताना जिभेला काही लागत नाही.

आणखी एक, भात मनात असेल त्यापेक्षा सैल असतानाच उतरवा. पंधरा मिनिटांत तो आपोआप दाटतो. पातेल्यात बरोबर दिसलेला भात ताटात वडी होऊन बसतो, तो याच कारणाने.

नाशिक

मेतकुटाचं प्रमाण देते. एकच वाटी सगळ्याला वापरावी.

हरभरा डाळ २ वाट्या, तांदूळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, गहू पाव वाटी. धणे ४ पोह्यांचे चमचे, जिरे २ चमचे, मोहरी १ लहान चमचा, मेथीदाणे पाऊण लहान चमचा, मिरे १२ ते १५, सुक्या मिरच्या ४, सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, हळद १ चमचा, हिंगपूड १ लहान चमचा, पाव जायफळ. मीठ घालायचं नाही, ते भातात असतंच.

तेलाचा थेंब न घालता प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. हे वेळखाऊ आहे, पण इथे सवलत नाही. हरभरा डाळीला मंद आचेवर १२-१५ मिनिटं लागतात, मेथीला एक मिनिटही पुरतं. एकत्र टाकलं तर डाळ कच्ची आणि मेथी कोळसा. मेतकूट पुन्हा शिजत नाही, पानात तसंच वाढतात. कढईत जे कच्चं राहिलं ते पोटात कच्चंच जातं.

ओळखायचं असं: हरभरा डाळीचा दाणा दाताखाली फोडायचा. कडकन तुटला आणि आतही बदामी दिसला तर झाली. बाहेर लाल आणि आत पिवळा म्हणजे आच मोठी होती. उडीद डाळ गुलाबीसर होऊन खमंग वास सुटला की उतरवायची. तांदूळ पांढरा पडतो, थोडा फुलतो, त्याला रंग येऊ द्यायचा नाही. मोहरी तडतडायला लागली की लगेच ताटात. मेथी एक छटा गडद झाली की पुरे. काळी झाली तर ती टाकून नवी घ्या, कारण तेवढ्याने सगळा डबा कडू होतो. हळद आणि हिंग गॅस बंद करून गरम कढईत नुसते फिरवायचे.

पूर्ण गार झाल्यावरच दळायचं. कोमट असताना मिक्सरला लावलं तर वाफ धरते, पीठ भांड्याला चिकटतं आणि पंधरा दिवसांत जुनाट वास येतो. दळून बारीक चाळणीने चाळायचं, वर राहिलेला रवा पुन्हा फिरवायचा. गव्हाचं साल हटकून वर राहतं.

सातारा

किलोच्या वर करायचं असेल तर गिरणी बरी, पण आधी तिथे काय दळलं जातंय ते विचारा. मिरची किंवा मसाल्यानंतर नंबर लागला तर मेतकूट तिखटजाळ होतं. डाळीच्या पिठानंतरचा नंबर घ्यावा. घरी आल्यावर पीठ गरम असतं, ते कागदावर पसरून निववून मगच डब्यात.

काचेची बरणी, कोरडा चमचा. दोन महिने छान राहतं, पावसाळ्यात महिनाभराचंच करावं. हिंगाचा वास गेला म्हणजे मेतकूट उतरलं.

डोंबिवली

वाढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. भाताला मधे आळं करायचं, त्यात आधी तूप, तुपावर मेतकूट, आणि बोटांनी ते दोन्ही तिथेच कालवून मग भातात ओढायचं. पीठ तुपात भिजलं की सगळीकडे सारखं पसरतं. कोरडं मेतकूट थेट वाफाळत्या ओल्या भातावर टाकलं तर बाहेरून ओल्या आणि आत कोरड्या अशा गोळ्या होतात आणि ठसका लागतो. एका माणसाच्या भाताला दीड चमचा मेतकूट, एक मोठा चमचा तूप. पातेल्यातच मेतकूट घालून आचेवर ढवळू नका. डाळ-तांदळाचं पीठ फुगतं आणि पिठल्यासारखं लागतं.

सोबत लिंबाचं मुरलेलं लोणचं, पोह्याचा पापड किंवा तळलेली सांडगी मिरची. यापेक्षा जास्त काही ठेवलं की त्या भाताचा वास हरवतो.

वेंगुर्ला

आमच्या बाजूची पेज वेगळी, तिला मऊभात म्हणू नये. ती उकड्या तांदळाची. हा तांदूळ सालासकट उकडून, वाळवून मग सडलेला असतो. त्यामुळे शीत मोडत नाही, कितीही शिजवा. १ वाटीला ८ ते १० वाट्या पाणी, ४५ मिनिटं, मीठ शेवटी. शितं टपोरी आणि पाणी दाटसर पण वेगळं राहिलं पाहिजे. घोटायची नाही. हिला मेतकूट शोभत नाही. खारातल्या कैरीची फोड, भाजलेला सुका बांगडा, किंवा गोव्याकडे करतात तसं सुक्या सुंगटांचं किसमूर. मऊभात हवा असेल तर त्यासोबत कुळथाची पिठी घ्या.

सोलापूर

ज्वारीच्या कण्यांबद्दल दोन ओळी, कारण इकडे मऊभाताची जागा त्यांची. १ वाटी कण्यांना ५ वाट्या पाणी, मंद आचेवर २५-३० मिनिटं. कण्या सतत ढवळत सोडायच्या, एकदम ओतल्या तर गोळा होतो. ताक मात्र कोमट झाल्यावर घालायचं, उकळत्यात घातलं तर फाटतं.

परदेशातून, आंबेमोहोर न मिळणाऱ्यांसाठी

लांब दाण्याचा बासमती इथे जमत नाही, कितीही पाणी घातलं तरी दाणे सुटे राहतात. जास्मिन तांदूळ चांगला जमतो, १ वाटीला साडेपाच वाट्या पाणी. सुशीचा आखूड तांदूळ फार चिकट, तो निम्मा आणि जास्मिन निम्मा घ्यावा. बासमतीचा तुकडा स्वस्त मिळतो, तोही चालतो, पण कणी तळाला बसते आणि लागते, म्हणून पहिली दहा मिनिटं भांड्यापासून हलू नका.

पुणे, पुन्हा

दोन गोष्टी राहिल्या. लहान बाळासाठी करताना वर्षापर्यंत मीठ घालत नाहीत. त्यांच्या मेतकुटात मिरची आणि मोहरी वगळून जिरे व सुंठच ठेवावी.

दुसरी, उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजवतानाही न मरणारे काही जिवाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळी तो थिजून घट्ट झालेला असेल. वाटीभर भाताला अर्धी वाटी उकळतं पाणी, मंद आच, पळीने कडेकडेने सोडवत न्यायचा, बुडबुडे येईपर्यंत.