सीजे-३बी जीप: ब्रेक लावला की डावीकडे ओढते, चॅसिसलाही तडा. सुरुवात कुठून करावी?

रामबाग_३बी (इंदूर)
नमस्कार मंडळी. महिंद्राची जुनी सीजे-३बी आहे. चारही चाकांना ९ इंची ड्रम, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) सिंगल. बॉडी उतरवून झाली आहे. ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. पेडल पहिल्या दाबात खोल जातं, दोनदा पंप केलं की वर येऊन कडक लागतं. भेरूघाट उतरल्यावर मागचा उजवा ड्रम हात लावू देत नाही, बाकीचे कोमट. स्टीअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटपाशी चॅसिसला साधारण ४ सेंमीचा तडा आहे आणि मागचा क्रॉस मेंबर गंजलाय. मिस्त्री म्हणतो मास्टर सिलिंडर बदला आणि तड्यावर जाड पट्टी मारा. मला हे पटत नाही. आधी काय करावं?

ड्रम_आणि_शू
आधी चॅसिस. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नवे होज (ब्रेकच्या रबरी नळ्या) जळतात, म्हणून ब्रेकचे पाइप सगळ्यात शेवटी.

मास्टर सिलिंडरवर एवढ्यात पैसे घालू नका. तो अडकला असता तर चारही ड्रम तापले असते. मागच्या दोन्ही चाकांना मिळून होज एकच, तेव्हा तो बुजला असता तर मागचे दोन्ही तापले असते. एकटा उजवा तापतो म्हणजे दोष त्याच चाकात: चाकातल्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलाय, रिटर्न स्प्रिंग ढिली पडलीय किंवा शू (ड्रमला आतून दाबणारी कमान) जास्त कसलाय. हँडब्रेकचा इथे संबंध नाही, या गाडीत तो ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो.

पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक होतं, म्हणजे शू आणि ड्रममध्ये अंतर जास्त आहे. स्पंजासारखं लागलं असतं तर हवा म्हटली असती. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसलं, आणि बाहेर कुठे गळती नसली, तरच मास्टरचे रबर कप गेले समजा.

डावीकडे ओढते, तर पुढच्या उजव्या चाकाकडे पाहा. नकलचं (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याचं) ग्रीस लाइनरवर (शूवरच्या घर्षणाच्या अस्तरावर) आलंय का? पुढचा होज आतून फुगून बुजलाय का? तेल प्यायलेला लाइनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो, आणि तोही एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदम. मागे तेल आलं असेल तर नुसता ऑइल सील बदलून भागणार नाही. अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) मातीने बंद असेल तर आतली गरम हवा नवा सीलही ढकलते.

आणखी एक चूक नेहमी दिसते. या ब्रेकमध्ये लांब लाइनरचा शू पुढच्या बाजूला येतो. दुसऱ्या गाड्यांच्या सवयीने तो मागे बसवला की ब्रेक कितीही कसा, पकड येत नाही.

ड्रम मूळ २२८.६ मिमी. लेथवर घेताना व्यास १.५ मिमीपेक्षा जास्त वाढू देऊ नका आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही सारखे ठेवा. शू आणि ड्रममधलं अंतर फीलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पात्यांनी) खाली अँकर पिनकडे (शूचं खालचं टोक धरणारी खीळ) ०.१२ मिमी, वर सिलिंडरकडे ०.२० मिमी ठेवा. आधी खालचे अँकर, मग वरचे अ‍ॅडजस्टर.

काळीमाती४x४
चॅसिसबद्दल. आपल्या माळव्यातली काळी माती चॅसिसच्या सी-चॅनेलमध्ये ('सी' आकाराच्या लांब पट्ट्यांत) बसली की महिनोन्‌महिने ओल धरते, म्हणून गंज आतून लागतो. खरवडून, सँडब्लास्ट करून मगच किती पत्रा उरलाय ते ठरवा. सांवेर रोडला ब्लास्टिंग होतं. त्याआधी चॅसिस नंबरवर जाड टेप लावा. तो पुसट झाला तर फिटनेसला गाडी अडते.

वेल्डिंगआधी माप घ्या. सपाट फरशीवर चार स्टँडवर चॅसिस ठेवून पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगर बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ५-६ मिमीच्या वर असेल तर आधी सरळ करणं आलं, नाहीतर वाकडेपणाच वेल्ड होऊन बसेल.

जाड पट्टी मुळीच मारू नका. ताठ पट्टीच्या कडेला वर्षभरात नवा तडा जातो. तड्याच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग ग्राइंडरने व्ही खाच, आरपार वेल्ड, आणि वरून चॅसिसच्याच जाडीची, टोकं तिरकी कापलेली प्लेट. चॅनेलच्या वरच्या-खालच्या फ्लँजवर (आडव्या कडांवर) आडवं वेल्ड नको. ब्रॅकेटचे बोल्टही तपासा, ते ढिले असल्याशिवाय सहसा तिथे तडा येत नाही. क्रॉस मेंबरच्या रिव्हेटऐवजी ८.८ ग्रेडचे बोल्ट चालतात, पण भोकात घट्ट बसणारे हवेत.

ब्लास्टिंग झाल्या दिवशीच इपॉक्सी प्रायमर. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलंत तर सकाळी तांबूस थर दिसेल.

रामबाग_३बी (इंदूर)
फार उपयोगी. पाइप तांब्याचे घालू का? आणि ब्रेक ऑइल कोणतं?

ड्रम_आणि_शू
साधं तांबं नको, ते हादऱ्याने कडक होऊन तडकतं. ३/१६ इंची स्टीलचा ब्रेक पाइप घ्या, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून रुंद केलेलं तोंड). ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, नवा सीलबंद डबा. रबराला डिझेल किंवा इंजिन ऑइलचा हातही लागता कामा नये, कप फुगतात.

पेडलला साधारण १२ मिमी मोकळी चाल ठेवा. नसेल तर मास्टरचं परतीचं छिद्र उघडत नाही आणि गरम झाल्यावर चारही चाकं धरतात. हवा काढताना मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पहिली चाचणी रिकाम्या मैदानात ३० च्या वेगाने. जाम गेटचा उतार त्यानंतर, आणि ५०० किमीला पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या.