‘ध्यानात नाही’ यात चूक काय?

विचारणा : दर्यापूर तालुका, जि. अमरावती

चौथीच्या पोरांना लिहायला दिलं होतं, काल संध्याकाळी घरी काय काय केलं. एकाने चार ओळी लिहिल्या, म्हैस, भाकर, टीव्ही वगैरे, आणि शेवटी : ‘बाकीचं माझ्या ध्यानात नाही.’ मी सवयीने ‘ध्यानात’वर लाल काट मारून वर ‘आठवत’ लिहिलं. घरी आलो तर आई मीठ आणायचं विसरलेली. म्हणाली, ‘माह्या ध्यानात नाई रायलं बाप्पा.’ तिच्या वाक्यावर काट मारायची माझी छाती नाही. पण प्रश्न राहिलाच. ध्यान, लक्ष, आठवण, स्मरण, सय, याद ही सगळी एकाच वस्तूची नावं आहेत का? की मी उगाच त्या पोराचं बरोबर असलेलं चूक केलं?

वणीहून

सर, चूक केलं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबवते.

‘ढोरायवर ध्यान ठेव’ म्हणजे नजर ठेव. ‘सांगतलेलं ध्यानात ठेव’ म्हणजे विसरू नको. ‘आता आलं ध्यानात’ म्हणजे समजलं. आमच्या पुस्तकात यांची तीन वेगळी प्रकरणं आहेत : अवधान, स्मृती, आकलन. परीक्षेला वेगळी यायलाही हवीत. पण प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात, कारण ज्याकडे अवधान गेलंच नाही ते स्मृतीत नीट उतरतही नाही.

कुलपाचं घ्या. एसटी चुकेल म्हणून आपण धावत निघतो, आणि फाट्यावर पोहोचल्यावर पोटात गोळा येतो : कुलूप लावलं का? ढोबळ भाषेत याला विसरणं म्हणतात. पण कुलूप लावल्याची आठवण तयार झालीच नसेल तर विसरणार काय? हात कुलपावर होता आणि ध्यान एसटीकडे. परत जाऊन पाहावं तर कुलूप लावलेलं असतं! ‘मला आठवत नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आत आहे पण सापडत नाही. ‘ध्यानात नाही’ म्हणणारा असा कुठलाच दावा करत नाही. आत गेलं की नाही, तेही तो उघडं ठेवतो. तुमच्या पोराने जास्त नेमकं लिहिलं होतं.

प्रमाण मराठीतही ‘ध्यानीमनी नसताना’ आहेच की. तिथे कोणी काट मारत नाही.

दारव्ह्याहून

मॅडमचं पटलं. मला व्याकरणातली एक गंमत दिसते. मला आठवलं, मला सुचलं, मला कळलं, मला वाटलं : सगळीकडे ‘मला’. म्हणजे आठवणारी गोष्ट पाहुण्यासारखी आपणहून येते, मी नुसता दारात उभा. पण विसरायची वेळ आली की ‘मी विसरलो’. तिथे मी कर्ता! आठवण आली तर तिची मर्जी, गेली तर गुन्हा माझा. आमच्याकडेही ‘मले आठोते’ पण ‘मी इसरलो’.

मूर्तिजापूरहून

भाऊ, ‘मला विसर पडला’ हे कुठे ठेवता? त्यात ‘मला’च आहे.

दारव्ह्याहून

हो, ते राहिलं. ध्यानात नाई आलं.

पण मग पुढचं पाहा. आठवण ‘येते’ तशी ती ‘काढता’ही येते. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली म्हणतात. आठवण ‘आली’ म्हणून उचकी लागत नाही. आणि ‘आठवून पाहा’ म्हटलं की सरळ मेहनत आली. म्हणजे आपोआप येणारी वेगळी आणि खणून काढायची वेगळी, हा भेद भाषेत आहेच. मॅडम, शास्त्रात आहे का?

वणीहून

आहे. आणि आणखी एक भेदही आहे : खणून काढतो त्याला आम्ही प्रत्यावाहन म्हणतो आणि समोर दिसल्यावर ‘अरे हाच तो’ म्हणतो त्याला प्रत्यभिज्ञा. दोन्ही शब्द वर्गात उच्चारले की मागचे बाक झोपतात. ‘आठवणं’ आणि ‘ओळखणं’ म्हटलं तर कोणी झोपत नाही, पण विद्यापीठाला चालत नाही.

खणूनही हाती लागत नाही तेव्हा ‘नाव तोंडात घोळतंय’ म्हणतो ना, त्यावर 1966 मध्ये ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. ज्यांच्या तोंडात तो घोळत होता त्यांना शब्द आठवत नसताना पहिलं अक्षर किंवा उच्चारताना शब्दाचे तुकडे किती पडतात हे बऱ्याचदा बरोबर सांगता आलं.

उमरखेडहून

यादीत नसलेला एक शब्द टाकतो : ‘हात बसणे’. माझी मावशी कापूस वेचते. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून बोटं अशी फिरतात की सरकी कापसासकट बाहेर येते, पाचोळा येत नाही आणि बोट खरचटत नाही. तिला विचारलं, कसं करतेस? तिने थांबून हाताकडे पाहिलं, दोन बोंडं हळू वेचून दाखवली, दोन्हींत काडी आली. ‘इचारू नको, बिघडते,’ म्हणाली. ही आठवणच ना? पण तिला कोणी आठवण म्हणत नाही.

वणीहून

भाऊ, फार मोठी गोष्ट काढलीत. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता. त्याला फिट यायच्या, म्हणून 1953 मध्ये मेंदूचा काही भाग काढला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या ध्यानात राहीनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेकडेने रेघ ओढायला दिली. आरशात हात उलटा चालतो, पहिल्यांदा कोणालाही जमत नाही. तीन दिवसांत त्याच्या चुका कमी होत गेल्या, पण हे आपण आधी केलंय हे त्याला माहीतच नसायचं. आठवण नाही, पण हात बसला! तो 2008 मध्ये वारला, तेव्हा त्याचं नाव जाहीर झालं. तोवर शास्त्रात त्याची ओळख फक्त दोन अक्षरं होती.

दोन वेगळ्या स्मृती असतात हे यातून स्पष्ट व्हायला लागलं. मराठीने ‘हात बसणे’ला ‘आठवणे’पासून आधीच दूर ठेवलं होतं.

मूर्तिजापूरहून

‘सय’ राहिली. स्मृती, प्राकृतात सइ, मग सई आणि सय. तेव्हा सय आणि स्मृती मूळच्या एकच, पण एक माहेरच्या ओढीत अडकली, दुसरी परीक्षेच्या पेपरात. ‘याद’ फारसी. आमच्याकडे धमकीतही चालते : ‘याद ठेव!’

‘ध्यान’चा चौथा अर्थही धरा : देवाचं मनात आणायचं रूप. त्यावरून घसरत ‘काय ध्यान आहे!’ झालं.

दर्यापूर तालुका

सर्वांचे आभार. एक शंका उरली. आम्ही घोकून घेतो, आणि उजळणीही घेतो. दोन्ही एकच की काय?

वणीहून

नाही सर. घोकणं म्हणजे समोर पाहून परत परत म्हणणं. उजळणीत पुस्तक मिटलेलं असतं, निदान असायला हवं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. घोकणाऱ्याला वाटतं आपल्याला येतं, तिथेच तो फसतो. ‘उजळणे’ म्हणजे भांडं घासून चकचकीत करणं, आणि घासलं नाही तर काळं पडतं. किती लवकर, ते एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच मोजून 1885 मध्ये मांडलं : निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून. एका दिवसाने तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळच्या श्रमांपैकी फक्त तिसरा हिस्सा वाचला. म्हैस-भाकर अर्थाची गोष्ट आहे, ती जास्त टिकेल.

दर्यापूर तालुका

आज वही परत मागून घेतली आणि काट खोडली. पोराने विचारलं, ‘सर, आता बरोबर झालं का?’ म्हटलं, आधीच होतं. मग त्यानेच विचारलं, ‘मंग तुमच्या ध्यानात नव्हतं का?’