सप्त्यात दोन कॅमेरे, दोन रंग

सेलूकर: राम राम मंडळी. झेरॉक्सचं दुकान आहे, पण नाद शूटिंगचा. सोनीचा हँडीकॅम परभणीतून घेतलेला, कॅनन मेव्हण्यानं अमेरिकेतून आणलेला. दोन्ही फुल एचडी. गावात सप्ता चालू आहे. सोनी महाराजांवर लावला, कॅनन टाळकऱ्यांवर. जोडायला बसलो तर महाराजांचं धोतर निळसर अन् टाळकऱ्यांचं पिवळं! कीर्तन एकच, पण दोन गावची जोडल्यागत दिसायलंय. सोनी ऑटोवर होता. कॅननला मी मुद्दाम एका टाळकऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर व्हाइट बॅलन्स (म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला दाखवणं) लावलं होतं, तरी हे असं. वरून कॅननमध्ये ट्यूबलाइटखाली पट्टे सरकायलेत अन् मृदंगावरचे हात अडखळायलेत. कॅमेरा बिघडला का? परवा काला आहे.

लातूरचा एडिटर: रंगाचं नंतर बघू. कॅननवर विक्सिया लिहिलंय का लेग्रिया?

सेलूकर: विक्सिया. का बरं?

लातूरचा एडिटर: मग बिघडला नाही, परदेशी आहे. अमेरिकेत कॅनन विक्सिया नावानं विकायचा, इकडं लेग्रिया. विक्सिया सेकंदाला ६० फील्डवर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांवर चालतो, तुमचा परभणीचा सोनी ५० वर. ६० चं फुटेज एडिटिंगमध्ये ५० च्या टाइमलाइनवर टाकलं की हात अडखळणारच. पट्ट्यांचंही तेच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, अन् विक्सिया ऑटोत शटर १/६० सेकंद उघडं धरतो, दोन्हींचा मेळ बसत नाही. त्यात टीव्ही नावाचा मोड असेल, त्याचा टेलिव्हिजनशी संबंध नाही, शटर आपण ठरवायचा मोड आहे तो. तिथं शटर १/१०० करा, पट्टे जातील. अडखळणं मात्र एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही, मी दोन लग्नांत डोकं फोडून घेतलंय. कॅनन श्रोत्यांवर लावा, स्टँडवर, झूम न करता. माणसं बसलेली असली की कळत नाही. टाळ-मृदंग सोनीवर घ्या.

अंबाजोगाईकर: अहो सेलूकर, धोतरावर व्हाइट बॅलन्स कामून लावलं? धोतराला नीळ असते! कॅमेऱ्यानं निळ्यालाच पांढरं मानलं अन् त्याची भरपाई म्हणून सगळ्यात पिवळं ओतलं. तुमच्या दुकानात कोऱ्या कागदाचे रिम पडलेत की. एक कागद घ्या, स्टेजच्या उजेडात धरा, दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून त्याच कागदावर लावा. ऑटो बंद. एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेडही लॉक करा, नाहीतर महाराज पुढं-मागं झाले की एक कॅमेरा उजळतो अन् दुसरा काळवंडतो. अन् बघा, स्टेजवर एलईडी अन् टाळकऱ्यांवर पिवळा हॅलोजन असला तर कोणताच कॅमेरा दोघांना एकसारखं दाखवणार नाही. मंडपवाल्याला चहा पाजून लाइट एका जातीचे करून घ्या.

लातूरचा एडिटर: बरोबर. अन् झालेल्या शूटला रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती वापरा. आधी दोन्हींचा उजेड जुळवा, मग रंग. मी उलट करायचो, रात्र जायची. ज्याचं चित्र जास्त धारदार आहे त्याची धार थोडी कमी करा. मऊ चित्राला धार लावायला गेलं की दाणे दिसतात.

सेलूकर: काल्याचं झालं. पट्टे गेले, धोतरं पांढरी आली. मंडपवाल्यानं चहा पिला पण हॅलोजन काही बदलला नाही, म्हणून मीच तो बंद करून टाकला. दहीहंडीच्या वेळी पोरं उठून नाचायला लागली तेव्हा कॅननमध्ये अडखळलंच. झेंडू अजून सोनीत केशरी अन् कॅननमध्ये लालसर यायलाय. त्याला काय करावं?

अंबाजोगाईकर: पुढच्या वर्षी शेवंतीचे हार सांगा.