दिवाळी अंकांची सूची, स्कीमा मार्कअप आणि टोपणनावं : मदत हवी आहे

मंडळी, आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचा बरा साठा आहे. अंकवार अनुक्रमणिका टंकून आम्ही वर्डप्रेसवर चढवतोय. माणसाला वाचायला ती ठीक आहे, पण हा अंक, हा त्यातला लेख, हा लेखक हे यंत्रालाही वेगवेगळं कळावं म्हणून स्कीमा डॉट ऑर्गचं मार्कअप (कुठली माहिती काय आहे ते यंत्राला सांगणाऱ्या ठरीव खुणा) घालायला घेतलंय. मायक्रोडेटाच्या खुणा एचटीएमएलभर पेरत बसण्यापेक्षा जेसन-एलडी ही दुसरी पद्धत बरी वाटली. सगळं एका स्क्रिप्ट टॅगमध्ये राहतं, उद्या थीम बदलली तरी हात लावायला नको.

मासिकाला पीरिऑडिकल, अंकाला पब्लिकेशन-इश्यू, आतल्या मजकुराला क्रिएटिव्ह-वर्क आणि 'इज-पार्ट-ऑफ'ने (कोण कशाचा भाग ते सांगणारी) साखळी. इथवर जमलं. घोडं अडलंय नावांपाशी.

चिं. त्र्यं. खानोलकर कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहीत आणि कविता आरती प्रभू या नावाने. दोन पर्सन (म्हणजे माणसाच्या नोंदी) केले तर यंत्राच्या लेखी माणसं दोन. एकच केला तर अंकात छापलेलं नाव जातं, आणि छापलं असेल तसंच सूचीत हवं याबाबत आमचे ग्रंथपाल कुणाचं ऐकत नाहीत (बरोबरच आहे त्यांचं). त्यात आद्याक्षरांची तऱ्हा. टिंबानंतर कुणी जागा सोडतं, कुणी नाही, कुणी 'चिं.'वरचा अनुस्वार खातं. जितके टंकणारे तितके खानोलकर.

दुसरं, गूगलच्या रिच रिझल्ट चाचणीत (शोधात पान सजवून दाखवता येईल का ते बघणारी) आमचं पान टाकलं की काहीच सापडलं नाही म्हणते. हे ऐकून कार्यकारिणीतले एकजण विचारतात, मग हा उद्योग कशाला? साइट बघणारा मुलगा म्हणतो, त्यापेक्षा प्रत्येक पानावर एफएक्यू (प्रश्नोत्तरांचं) मार्कअप टाकू, गूगलमध्ये उठून दिसेल. काय करावं?

प्रतिसाद :
एफएक्यूचा नाद सोडा. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलने ते रिझल्ट नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरते ठेवल्याचं जाहीर केलं. कितीतरी जणांनी केवळ त्या चार ओळींच्या जागेसाठी खोटे प्रश्न रचून पानं भरली होती.

ती चाचणी फक्त गूगल जे प्रकार सजवून दाखवतं तेवढेच तपासते. दिवाळी अंक त्यात बसत नाही, म्हणून 'काही नाही'. तुम्ही स्कीमा डॉट ऑर्गचा स्वतःचा व्हॅलिडेटर, म्हणजे मार्कअप तपासायचं साधन, वापरा, तिथे अख्खी साखळी दिसेल.

नावांसाठी : माणूस एकच ठेवा. त्याला साइटवर एक पान, त्या पानाचा पत्ता हाच त्याचा 'आयडी'. दुसरं नाव 'ऑल्टरनेट-नेम'मध्ये, विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातल्या त्याच माणसाच्या नोंदीचा दुवा 'सेम-अ‍ॅज'मध्ये. अंकात छापलेलं नाव त्या कवितेच्या नोंदीत 'क्रेडिट-टेक्स्ट'मध्ये जसंच्या तसं द्या, म्हणजे ग्रंथपालही खूश. आणि लेखकाचं नाव टंकू देऊच नका, यादीतून निवडायला लावा.

एक विचारतो, साइटवर आकडे मराठी दिसतात ते थीम बदलते का? तसं असेल तर जेसन-एलडीचा सोर्स उघडून बघा. 'डेट-पब्लिश्ड' आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लागते, तिथे देवनागरी १९६८ चालणार नाही, आकडे इंग्रजीच हवेत.

धागाकर्ता :
बघितलं. तारखाच काय, पानाच्या पत्त्यांतले आकडेसुद्धा देवनागरी झालेत! आकडे बदलणारा थीमचा फिल्टर फक्त दिसणाऱ्या मजकुरापुरता ठेवायला सांगतो. क्रेडिट-टेक्स्ट माहीतच नव्हतं, आभार. पण ज्या टोपणनावामागे कोण आहे हेच ठाऊक नाही, त्यांचं काय? जुन्या विनोदी अंकांत अशी ढिगाने आहेत.

प्रतिसाद :
टोपणनावालाच पर्सन करा, सेम-अ‍ॅज देऊच नका. अंदाजाने कुणाशी जोडू नका, दुसरे लोक तुमची सूची उचलतील तेव्हा तो अंदाज माहिती म्हणून पुढे जाईल. खरं नाव कळलं की त्या एका पानावर भरा. बाकीच्या नोंदी आयडीने तिकडेच बोट दाखवत असतील, त्या उघडाव्या लागणार नाहीत.