सरांच्या आठवणी: जे आठवेल ते लिहा

पेन्सिलखुणा
काल माळा आवरताना सॅक्सोफोनची जुनी वही हाती लागली. रद्दीत जाणारच होती, पण सहज एक पान उघडलं आणि तिथेच फतकल मारून बसले. पानभर सरांच्या पेन्सिलीचे स्वल्पविराम. श्वास कुठे घ्यायचा ते नोटेशनमध्ये स्वल्पविरामानेच दाखवतात, तुम्हाला माहीत आहेच. मी जिथे हमखास चुकीचा श्वास घ्यायचे तिथे सरांनी फुली मारून लिहिलंय, "इथे नाही. धीर धर." पुढच्या पानावर, चार बार (नोटेशनमधले मात्रांचे खण) एका दमात संपत नव्हते तिथे, नुसतंच "जेवून आलीस का?"

सरांना जाऊन परवा सहा महिने होतील. शोकसभेत सगळे "थोर कलावंत", "निष्ठावान गुरू" वगैरे बोलले. खोटं नव्हतं काही, पण मला त्यात सर कुठे दिसेनात. म्हणून हा धागा. मोठं काही नको, फुटकळच लिहा.

समेवरचा
मी पहिला! तबल्याची सहा वर्षं झाल्यावर सरांकडे गेलो, त्यामुळे अंगात मस्ती. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "ट्वेल्व्ह बार ब्लूज वाजवू." मी मनात म्हटलं, बारा म्हणजे एकताल, सोपंय. बारा मात्रा वाजवल्या, झोकात तिहाई घेतली आणि समेवर येऊन थांबलो. सर डोळे मिटून वाजवतच होते. ते चौथ्या बारात शिरायच्या बेतात आणि माझं सगळं आवरून झालेलं. एका बारात चार मात्रा, म्हणजे अख्खा फेरा अठ्ठेचाळीस मात्रांचा, हे मला तेव्हा कळलं. सर पुढे वर्षभर मला "लवकर घरी जाणारा" म्हणायचे.

टाळी दोन आणि चार या मात्रांवर पाडायला मला महिना लागला. मेट्रोनोम निम्म्या लयीत लावायचा आणि त्याची प्रत्येक टिक दोन नाहीतर चार समजायची. माझं डोकं दर वेळी तिला एकच समजायचं. अजूनही दमलो की समजतं.

बेसूरताई
"लवकर घरी जाणारा" 😂😂 अरे तो तू होतास होय!

मला तीन महिने सॅक्सोफोनला हात लावू दिला नाही. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं 'बॉडी अँड सोल' आधी तोंडाने गाऊन दाखव, मग बघू. त्यात मूळ चाल सुरुवातीला जेमतेम डोकावते, नंतर तो माणूस कॉर्डांच्या आधाराने आपलंच काहीतरी बोलत सुटतो. ते सगळं, श्वासांसकट, पाठ. कागदावर लिहून घ्यायची बंदी. रडले होते. आता लेकीला झोपवताना तेच गुणगुणते. लेक झोपत नाही, तो भाग वेगळा.

खालचा मजला
मी विद्यार्थिनी नाही, लिहिलं तर चालेल ना? आम्ही सरांच्या खालीच राहायचो. रोज सकाळी सहाला एक लांबलचक स्वर. मग थांबायचं, मग दुसरा. गाणं नाहीच. आमचे हे म्हणायचे, वरच्यांचं भांडं बिघडलंय. धाकट्याच्या वेळी मला सातवा लागला, झोप येईना, म्हणून एकदा वर जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. मला फार अपराधी वाटलं. पुढे वहिनींनी सांगितलं की ते कपड्यांच्या कपाटात वाद्याचं तोंड खुपसून वाजवतात, म्हणजे आवाज बाहेर येत नाही. बारशानंतर परत सहाला सुरू.

समेवरचा
वहिनी, अहो सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सचीही हीच गोष्ट! शेजारी गरोदर बाई होती म्हणून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा. १९५९ ते १९६१, पार थंडीतसुद्धा. सर ती गोष्ट दहादा तरी सांगायचे, पण स्वतःच्या कपाटाबद्दल चकार शब्द नाही.

बेसूरताई
म्हणून त्यांच्या शर्टांना डांबरगोळ्यांचा वास यायचा की वाद्याला?

अडीच नंबर
धाग्याशी संबंध नाही, माफी. कुणाकडे टेनर सॅक्सोफोनच्या अडीच नंबरच्या रीड (तोंडाकडच्या वेताच्या पट्ट्या) पडून आहेत का? दुकानात थेट तीनच आहे आणि तीनवर माझा ओठ सुजतो.

पेन्सिलखुणा
माझ्याकडे दोन आहेत, जुन्या आहेत पण न वापरलेल्या. निरोप कर.

चढा सूर
हे लिहू की नको असं करत होतो. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही जॅझची रेकॉर्ड लावून सोबत वाजवायचा गृहपाठ आठवतोय का? माझा सूर कायम उतरलेला लागायचा. सर म्हणाले, ओठ ढिला पडतोय. मी आवळला. जबडा दुखायचा, पण तरी उतरलेलाच. गंमत म्हणजे रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला सूर चोख लागायचा. ते सांगितलं तर सर म्हणाले, तोवर ओठ तापलेला असतो. दोन महिने असे गेले.

पुढे पंधराएक वर्षांनी वाचलं की २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू वाजताना चढी ऐकू येते. तिन्ही गाणी. नव्वदच्या दशकात कुठे ते सुधारलं. मी तसाच उठून सरांकडे गेलो. वाटलं, हसतील. हसले नाहीत. रेकॉर्ड काढली, लावली, पियानोवर बोट ठेवून ऐकली. मग म्हणाले, "किती जणांना मी ओठ आवळायला लावला रे?" आणि डायरी काढून फोन करायला बसले.

अडीच नंबर
तो फोन मला आला होता!! रात्री दहाला. मला वाटलं कुणी गेलं. सर म्हणाले, "तुझा ओठ बरोबर होता." मी बँकेच्या नोकरीत, वाद्य सोडून आठ वर्षं झालेली. कुठला ओठ, काय ओठ, काही कळेना. त्याच रविवारी सॅक्सोफोनची पेटी उघडली. कॉर्कची पार भुकटी झाली होती.

नाव नको
मला फोन आला नाही. माझं कारण वेगळं होतं. कार्यक्रमात माझा सोलो चुकला, मी एक बार आधी शिरले. सरांनी भर मंचावर हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि "हिला मोजता येत नाही, परत घेऊ" म्हणाले. लोक हसले. सोळा वर्षांची होते. परत गेले नाही. तुम्ही सगळे इतक्या मायेने लिहिताय आणि मला खरंच आवडतंय वाचायला, पण माझे सर असे होते.

आदरपूर्वक
गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये असं वाटतं.

बेसूरताई
का लिहू नये? ती त्यांची आठवण आहे. मीही त्या कार्यक्रमात होते बहुतेक, कोरसमध्ये. मीही हसले होते गं. माफ कर.

नाव नको
मला आठवत नाही कोण कोण हसलं. चुलीवर दूध आहे, येते.

पेन्सिलखुणा
लिहिलंस ते बरं केलंस. मी मंचाच्या डाव्या बाजूला होते. नंतर कुणीच तुझ्या घरी गेलो नाही, तेही खरंय.

समेवरचा
शोकसभेत आपण वाजवायला हवं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये वादकाला पोचवताना संथ चाली आणि परतताना नाचत, हे सरांनीच शिकवलं ना? "जाताना हळू वाजवा, येताना निदान चुकू नका," असं म्हणाले होते एकदा.

चढा सूर
कुणाला धीर झाला असता? तू लवकर घरी गेला असतास.

समेवरचा
😑 बरं, माझ्याकडे वर्गातली एक कॅसेट आहे. सर अर्धा तास वाजवतायत, मधे मधे माझ्यावर ओरडतायत. फीत एका ठिकाणी तुटलीय. चिकटपट्टी लावू का?

अडीच नंबर
साधी चिकटपट्टी मुळीच नको! डिंक पाझरतो आणि प्लेअरचं हेड खराब होतं. फीत जोडायची वेगळी पट्टी मिळते. माझ्याकडे आहे, डिजिटल पण करून देतो. फक्त माझा प्लेअर थोडा जोरात फिरतो, सर अर्धी पट्टी चढे ऐकू येतील.

चढा सूर
मग परत सगळ्यांना फोन करावे लागतील.

खालचा मजला
मला पण पाठवाल का ते? आमचे हे विचारतायत, त्यात सहाचा स्वर आहे का.

समेवरचा
आहे वहिनी, सुरुवातीलाच आहे. अडीच नंबर, मंगळवारी घरी आहेस का?

अडीच नंबर
दुपारी आहे. बेल बंद आहे, दार वाजव. आणि येताना पेन्सिलखुणांकडून रीड घेऊन ये.